एका भाड्यात सारे शहर

प्रस्तावना

अमेरिका म्हटले की रुंद महामार्ग आणि त्यांवरून वेगाने धावणाऱ्या मोटारी डोळ्यांसमोर येतात. त्या देशातील बहुतेक शहरांच्या बाबतीत हे चित्र खरेही आहे. भाजी आणायची असो, मुलाला शाळेत पोहोचवायचे असो वा दवाखाना गाठायचा असो, तेथे मोटारीवाचून पान हलत नाही. ज्याच्याजवळ मोटार नाही किंवा ज्याला ती चालवता येत नाही, तो माणूस घरातच अडकून पडतो. न्यूयॉर्क हे शहर मात्र या बाबतीत वेगळे आहे. तेथील निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे स्वतःची मोटार नाही. तरीही ही कुटुंबे कामावर जातात, बाजारहाट करतात, समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जातात. हे कसे शक्य झाले, त्या शहरात कसे पोहोचावे आणि पोहोचल्यावर कसे हिंडावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थी न्यूयॉर्कला जाण्याचे व तेथे फिरण्याचे मार्ग सांगू शकेल. प्रवासभाड्याची पद्धत आणि गरीब माणसाचे जीवन यांतील संबंध स्पष्ट करू शकेल. आणि आपल्या परिसरातील वाहतुकीकडे याच दृष्टीने पाहू शकेल.

मूळ पाठ

शहराची ठेवण

न्यूयॉर्कचा नकाशा समोर ठेवला की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते पाणी. हे शहर पाच विभागांचे आहे : मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड. हे पाचही विभाग १८९८ मध्ये एका नगरपालिकेखाली आले. यांपैकी एकटा ब्राँक्स मुख्य भूमीला जोडलेला आहे. मॅनहॅटन व स्टेटन आयलंड ही बेटे आहेत, तर ब्रुकलिन आणि क्वीन्स हे एका लांबलचक बेटाच्या पश्चिम टोकाला वसले आहेत. त्यामुळे एका विभागातून दुसऱ्यात जायचे म्हणजे बहुधा पाणी ओलांडणे आले. येथील वाहतुकीचा सारा इतिहास हा पाणी ओलांडण्याचाच इतिहास आहे.

मॅनहॅटनचा मोठा भाग नवख्या माणसालाही लवकर समजतो. १८११ मध्ये आखलेल्या आराखड्यानुसार तेथील रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना 'स्ट्रीट' आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना 'ॲव्हेन्यू' म्हणतात. दोहोंनाही बहुतांशी क्रमांक दिलेले आहेत. उत्तरेकडे चालत जावे तसा स्ट्रीटचा क्रमांक वाढत जातो. असे वीस स्ट्रीट ओलांडले की साधारणतः एक मैल अंतर कापले जाते. उत्तरेच्या दिशेला 'अपटाउन' आणि दक्षिणेच्या दिशेला 'डाउनटाउन' म्हणण्याचा प्रघात आहे. हे दोन शब्द पक्के लक्षात ठेवावेत, कारण रेल्वेच्या पाट्यांवर दिशा दाखवण्यासाठी बहुधा हेच शब्द आढळतात.

समुद्रमार्गाने, आणि आता आकाशमार्गाने

विमाने येण्यापूर्वी या शहरात परदेशातून येणारा माणूस बोटीने येत असे. १८९२ ते १९५४ या काळात युरोपातून आलेल्या लक्षावधी स्थलांतरितांची तपासणी बंदरातील एलिस बेटावर होत असे. महाराष्ट्राच्या इतिहासातही या बंदराचे एक स्थान आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणारा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल त्यापूर्वी अकराच दिवस म्हणजे २४ मे रोजी खुला झाला होता. आनंदीबाईंना मात्र विरुद्ध दिशेला, हडसन नदीपलीकडील न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी जायचे होते. तेथे कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांची सोय झाली होती. न्यूयॉर्कपाशी हडसन नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि नदीखालून बोगदाही नव्हता. पैलतीर गाठायचा तर फेरीबोट हाच मार्ग होता. नदीखालच्या बोगद्यातून पहिली आगगाडी धावू लागली ती १९०८ मध्ये.

आज भारतातून जाणारा प्रवासी विमानाने जातो. या महानगरासाठी तीन मोठे विमानतळ आहेत. क्वीन्समधील केनेडी विमानतळ हा आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या विशेष परिचयाचा. न्यू जर्सीतील न्यूअर्क विमानतळावरही भारतातून जाणारी विमाने उतरतात. तिसरा लाग्वार्डिया विमानतळ क्वीन्समध्येच असून तो मुख्यतः देशांतर्गत प्रवासासाठी आहे.

केनेडी विमानतळावर उतरलेल्या प्रवाशापुढे दोन टोकांचे पर्याय असतात. पिवळ्या टॅक्सीने मॅनहॅटनला जायचे झाल्यास ठरावीक भाडे द्यावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये ते ७० डॉलर करण्यात आले. पथकर, काही अधिभार आणि चालकाची बक्षिशी हे सारे त्याहून वेगळे. भाडे ठरावीक असल्याने वाहतूक कितीही खोळंबली तरी मीटरची धास्ती राहत नाही. दुसरा पर्याय रेल्वेचा. डिसेंबर २००३ मध्ये येथे 'एअरट्रेन' ही विनाचालक गाडी सुरू झाली. ती विमानतळावरील सर्व इमारतींना जोडते आणि पुढे हॉवर्ड बीच व जमेका या स्थानकांपर्यंत नेते. तेथून शहराची भुयारी रेल्वे पकडता येते. विमानतळाच्या हद्दीत एअरट्रेनला पैसे पडत नाहीत. या दोन स्थानकांवर मात्र ते भरावे लागतात, आणि ते भाडे भुयारी रेल्वेच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून विमानतळावर काम करणारे लोक आणि हात राखून खर्च करणारे प्रवासी क्यू-१० सारख्या साध्या बसने भुयारी रेल्वेचे स्थानक गाठतात. वेळ जास्त लागतो. पण बस आणि रेल्वे मिळून एकच भाडे पडते.

लाग्वार्डिया विमानतळापर्यंत रेल्वे पोहोचलेली नाही. इतक्या मोठ्या शहराच्या विमानतळाला रेल्वे नसावी याचे नवल वाटते. योजना अनेकदा आखल्या गेल्या आणि बारगळल्या. तेथून क्यू-७० ही बस जॅक्सन हाइट्स भागातील स्थानकापर्यंत नेते आणि तिला भाडे नाही. योगायोग असा की, हाच भाग साड्या, दागिने, मसाले आणि मिठाई यांच्या भारतीय दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. न्यूअर्क विमानतळ मुख्य लोहमार्गालगत असल्याने तेथून आगगाडीने थेट मॅनहॅटनमधील पेन स्थानकाला जाता येते.

अमेरिकेतीलच दुसऱ्या शहरातून यायचे असेल तर बोस्टन, फिलाडेल्फिया व वॉशिंग्टन यांच्यासाठी आगगाडी सोयीची. ही राष्ट्रीय रेल्वेसेवा 'ॲमट्रॅक' या नावाने १९७१ पासून चालते. लांब पल्ल्याच्या बस तिच्याहून स्वस्त, परंतु रस्त्यावरील गर्दीत सापडणाऱ्या.

पाठगत प्रश्न

१. 'येथील वाहतुकीचा सारा इतिहास हा पाणी ओलांडण्याचाच इतिहास आहे' असे का म्हटले आहे?
२. केनेडी विमानतळावरील कामगार एअरट्रेनऐवजी साधी बस का पसंत करतात?

पाच सेंटांचे नाणे

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला तेथे 'सबवे' म्हणतात. आपल्याकडे सबवे म्हणजे रस्त्याखालून जाणारी पादचाऱ्यांची वाट. हा अर्थभेद ध्यानात ठेवावा. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी ही रेल्वे सुरू झाली. पहिली गाडी समारंभापुरती नगराध्यक्ष मॅक्लेलन यांच्या हाती देण्यात आली होती. त्यांना ती चालवण्यात इतकी गोडी वाटली की काही केल्या ते हात काढून घेईनात. त्याच संध्याकाळी सामान्य लोकांसाठी दारे उघडली आणि एका रात्रीत एक लाखाहून अधिक माणसांनी प्रवास केला. भाडे होते पाच सेंट.

या पाच सेंटांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती. प्रवास एका स्थानकाचा असो वा शेवटच्या स्थानकापर्यंतचा असो, भाडे तेच. बोगदे नगरपालिकेच्या पैशांतून बांधले गेले होते आणि गाड्या खाजगी कंपनी चालवत होती. हा दर कंपनीवर करारानेच बंधनकारक केलेला होता. अंतराप्रमाणे भाडे आकारणे हे व्यवहाराला धरून आहे असे कोणासही वाटेल. जो दूर जातो त्याने अधिक द्यावे, यात गैर ते काय? परंतु शहरात दूर कोण राहतो, हा प्रश्न विचारला की या न्यायाची दुसरी बाजू दिसू लागते. मध्यवस्तीतील घरभाडे ज्याला परवडत नाही तो दूर जातो. अंतरानुसार भाडे आकारले तर त्याने घरभाड्यात वाचवलेले पैसे गाडीभाड्यात जातात, आणि तो अखेर मध्यवस्तीतील कोंदट खोलीतच राहणे पसंत करतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच चित्र होते. १९१० मध्ये एकट्या मॅनहॅटन बेटाची लोकसंख्या तेवीस लाखांहून अधिक होती. बेटाच्या दक्षिण भागातील चाळीवजा इमारतींत, जेथे उजेड आणि वारा यांचा प्रवेश जेमतेम होई, स्थलांतरित कामगारांची कुटुंबे दाटीवाटीने राहत. १९१३ मध्ये नगरपालिकेने दोन कंपन्यांशी नवे करार केले आणि लोहमार्ग ब्राँक्स, ब्रुकलिन व क्वीन्समधील मोकळ्या जमिनींकडे नेण्याचे ठरवले. कित्येक ठिकाणी रेल्वे आधी आली आणि वस्ती नंतर. भाडे पाच सेंटच असल्याने शिंपीकाम करणारा कारागीर दहा मैल लांब राहूनही रोज कारखान्यात येऊ शकत होता. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ब्राँक्सची वस्ती १९०० मध्ये दोन लाख होती, ती १९४० पर्यंत जवळजवळ चौदा लाख झाली. उलट मॅनहॅटनची घटून एकोणीस लाखांच्या आत आली.

अर्थात या नाण्याला दुसरी बाजूही होती. पहिल्या महायुद्धानंतर कोळसा, पोलाद, मजुरी सारे महागले. भाडे मात्र जागचे हलले नाही. पाच सेंटांचे भाडे कायम ठेवण्याचे वचन देऊन नगराध्यक्षपदाच्या निवडणुका लढवल्या जाऊ लागल्या. ते वाढवण्याची हिंमत कोणी करेना आणि तूट कशी भरून काढावी हेही कोणी सांगेना. कंपन्या डबघाईला आल्या. डागडुजी मागे पडत गेली. अखेर १९४० मध्ये नगरपालिकेने दोन्ही खाजगी कंपन्या विकत घेतल्या, आणि १ जुलै १९४८ रोजी भाडे दहा सेंट झाले. म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे एकच दर टिकून होता! प्रवाशाच्या दृष्टीने हे वरदान. रेल्वेच्या दृष्टीने तो संथपणे लागलेला गळफास होता, असेच म्हणावे लागेल.

१९५३ मध्ये भाडे पंधरा सेंट झाले, तेव्हा एक गमतीदार अडचण उभी राहिली. अमेरिकेत पंधरा सेंटांचे नाणे नाही, आणि प्रवेशद्वारावरील फिरत्या दांड्याच्या यंत्राला दोन निरनिराळी नाणी घेता येत नव्हती. म्हणून 'टोकन' नावाची पितळी चकती काढण्यात आली. पुढे पन्नास वर्षे ही चकती न्यूयॉर्ककरांच्या खिशात खुळखुळत राहिली. २००३ मध्ये ती बंद झाली.

ज्यांना दोनदा पैसे पडत

एकच भाडे हे तत्त्व सर्वांना सारखे लागू होते असे मात्र नाही. क्वीन्सच्या पूर्व भागात रेल्वे पोहोचलीच नाही. तेथील माणसाला आधी बसने रेल्वेस्थानक गाठावे लागे आणि मग रेल्वेत बसावे लागे. बसचे भाडे वेगळे, रेल्वेचे वेगळे. परतताना पुन्हा तेच. अशा वस्त्यांना 'दुहेरी भाड्याचा पट्टा' असे नावच पडले होते. समुद्रालगतच्या रॉकअवे भागाची कथा आणखी निराळी. तेथे १९५६ मध्ये भुयारी रेल्वेच्या गाड्या जाऊ लागल्या. परंतु १९७५ पर्यंत त्या टप्प्यासाठी दुप्पट भाडे द्यावे लागे. शहराच्या टोकाला राहणाऱ्या मोलकरणी, परिचारिका आणि पहारेकरी यांच्या मिळकतीतून हा जादा पैसा जात होता.

प्लॅस्टिकच्या 'मेट्रोकार्ड'ने ही अडचण दूर केली. प्रवाशाने पहिले भाडे केव्हा भरले हे कार्डावरील चुंबकीय पट्टीत नोंदले जाई. म्हणून १९९७ पासून बसमधून रेल्वेत किंवा रेल्वेतून बसमध्ये दोन तासांच्या आत गेल्यास दुसरे भाडे पडेनासे झाले. यंत्रातील सुधारणा म्हणून या घटनेची नोंद होते. पूर्व क्वीन्समधील रहिवाशांच्या लेखी तो दरमहा वाचणाऱ्या पैशांचा प्रश्न होता.

आजचा प्रवासी

सध्या भाडे भरण्याची रीत सोपी झाली आहे. २०१९ पासून प्रवेशद्वारावरील यंत्राला बँकेचे कार्ड किंवा मोबाइल फोन टेकवला की दार उघडते. या पद्धतीला 'ओम्नी' म्हणतात. ज्यांच्याकडे बँकेचे कार्ड नाही त्यांना रोख पैसे भरून ओम्नी कार्ड विकत घेता येते. भारतातून नेलेले कार्ड वापरायचे असल्यास त्यावर परदेशी व्यवहारांची मुभा आधीच घेऊन ठेवावी. जुन्या मेट्रोकार्डांची विक्री २०२५ च्या अखेरीस थांबली. जानेवारी २०२६ पासून रेल्वे व साध्या बसचे भाडे ३ डॉलर झाले आहे. सात दिवसांत सुमारे बारा फेऱ्यांचे पैसे भरले गेले की त्या आठवड्यातील उरलेला प्रवास विनामूल्य होतो. मात्र दरवेळी तेच कार्ड किंवा तोच फोन वापरायला हवा. पूर्वी आठवड्याचा पास एकदम विकत घेण्याइतके पैसे ज्याच्या हाती नसत, त्याला सुटी तिकिटे काढून अधिक खर्च करावा लागे. ती अडचण यामुळे दूर झाली.

या रेल्वेची ४७२ स्थानके आहेत आणि ती रात्रंदिवस चालते. जगातील फार थोड्या शहरांत असे घडते. रात्रपाळीहून पहाटे तीनला घरी जाणाऱ्या कामगाराला गाडी मिळते, ती उशिराने का होईना. याची किंमतही आहे. रेल्वे कधीच बंद नसल्यामुळे दुरुस्तीची कामे रात्री आणि शनिवार-रविवारी चालत्या मार्गावरच उरकावी लागतात. त्या वेळी गाड्या मार्ग बदलतात, काही स्थानके वगळतात. म्हणून सुटीच्या दिवशी निघण्यापूर्वी स्थानकावरील सूचना वाचणे शहाणपणाचे ठरते.

मार्गांना आकडे किंवा अक्षरे दिलेली आहेत. नकाशावर रंगही असतात, पण केवळ रंग पाहून गाडी पकडू नये. ४, ५ आणि ६ या तिन्ही गाड्या हिरव्याच दाखवतात, आणि पुढे त्या निरनिराळ्या दिशांना जातात. आकड्यांच्या गाड्या अक्षरांच्या गाड्यांहून अरुंद आहेत. त्या वेगळ्या कंपनीच्या होत्या आणि तिने बोगदेही अरुंद खोदले होते. आज मालक एकच असला तरी रुंद गाडी अरुंद बोगद्यात शिरू शकत नाही. अनेक मार्गांवर लोहमार्गाच्या चार जोड्या शेजारी शेजारी आहेत. मधल्या दोन मार्गांवरून 'एक्स्प्रेस' आणि कडेच्या दोहोंवरून 'लोकल' गाड्या जातात. मुंबईच्या लोकल गाड्यांत 'फास्ट' व 'स्लो' हा भेद ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सहज कळेल. आणखी एक दक्षता घ्यावी. काही स्थानकांत अपटाउन आणि डाउनटाउन गाड्यांसाठी रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे जिने आहेत आणि आतून पलीकडे जाता येत नाही. चुकीचा जिना उतरून आत गेले तर बाहेर येऊन पुन्हा भाडे भरण्याची पाळी येऊ शकते.

ए ही गाडी मॅनहॅटनच्या उत्तर टोकापासून समुद्रकाठच्या फार रॉकअवेपर्यंत जाते. हे अंतर एकतीस मैल म्हणजे जवळजवळ पन्नास किलोमीटर आहे. भाडे तेच तीन डॉलर. ७ क्रमांकाच्या गाडीचा प्रवासही पाहण्यासारखा. क्वीन्समध्ये ती खांबांवरून, घरांच्या गच्च्यांच्या उंचीने धावते. आयरिश, भारतीय, बांगलादेशी, मेक्सिकन, कोरियन, चिनी अशा वस्त्या एकामागून एक येतात आणि डब्यातील भाषा बदलत जाते.

बसचे जाळे रेल्वेहून दाट आहे. तिचा वेग मात्र मोटारींच्या गर्दीमुळे फार कमी असतो. पूर्व-पश्चिम प्रवासासाठी आणि ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी बसच उपयोगी. स्टेटन आयलंडला जाणारी नारिंगी रंगाची फेरीबोट तर १९९७ पासून पूर्णपणे मोफत आहे. सुमारे पंचवीस मिनिटांच्या या प्रवासात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चांगला दिसतो. पर्यटक तेवढ्यासाठी तीत चढतात. बोटीत बसून वर्तमानपत्र वाचणारा रहिवासी मात्र पुतळ्याकडे मान वळवूनही पाहत नाही. ईस्ट नदीतील रूझवेल्ट बेटावर जाण्यासाठी १९७६ पासून रज्जुमार्ग आहे, आणि त्या झुलत्या डब्यालाही रेल्वेइतकेच भाडे पडते. सायकली भाड्याने देणारी सार्वजनिक सेवा २०१३ मध्ये सुरू झाली.

उपनगरांच्या रेल्वेला हा एकभाड्याचा नियम लागू नाही. न्यू जर्सीतील एडिसन व आसपासच्या गावांत भारतीयांची, त्यांत मराठी कुटुंबांचीही, मोठी वस्ती आहे; तेथून येणाऱ्यांना अंतराप्रमाणे तिकीट काढावे लागते. १९१३ मध्ये उघडलेल्या भव्य ग्रँड सेंट्रल स्थानकातून उत्तरेकडे एक गाडी हडसन नदीच्या काठाकाठाने पोकिप्सी या गावापर्यंत जाते. सुमारे दोन तासांचा हा प्रवास. जाताना डाव्या बाजूला बसले तर नदी सतत सोबत करते. १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाई जोशी यांचे निधन झाल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवलेल्या आहेत.

पिवळी टॅक्सी आणि तिचा बिल्ला

न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी चित्रपटांमुळे जगभर पोहोचली आहे. ती चालवण्यासाठी नगरपालिकेचा धातूचा बिल्ला लागतो. १९३७ च्या कायद्याने या बिल्ल्यांची संख्या मर्यादित केली. पुरवठा मर्यादित, मागणी वाढती. परिणामी बिल्ल्याची किंमत चढत जाऊन २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. अनेक चालकांनी, ज्यांत बांगलादेश, पाकिस्तान व भारतातून आलेले पुष्कळ होते, आयुष्यभराची कमाई घालून आणि कर्ज काढून बिल्ले घेतले. त्यानंतर मोबाइल फोनवरून बोलावता येणाऱ्या खाजगी गाड्या हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या, बिल्ल्याची किंमत कोसळली आणि कर्ज तेवढे उरले. २०१८ मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये चालकांनी आपल्या संघटनेच्या नेत्या भैरवी देसाई यांच्यासह नगरपालिकेच्या इमारतीबाहेर उपोषण केले. पंधरा दिवसांनंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली. कर्जाची रक्कम कमी करण्यात आली आणि नगरपालिकेने तिची हमी घेतली. प्रवासी टॅक्सीत बसतो तेव्हा मीटरवरचा आकडा त्याला दिसतो. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरील आकडा दिसत नाही.

मोटारींची गर्दी आटोक्यात आणण्यासाठी ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या स्ट्रीटच्या दक्षिणेस येणाऱ्या मोटारींवर शुल्क सुरू झाले. गर्दीच्या वेळी साध्या मोटारीला ९ डॉलर पडू लागले. हा पैसा रेल्वे व बस यांच्या सुधारणेसाठी राखलेला आहे. त्यावर न्यायालयीन आणि राजकीय वाद बरेच झाले. तरीही मोटारवाल्याने रेल्वेतल्या माणसासाठी पैसे द्यावेत, ही कल्पना मोटारींच्या देशात अंमलात आली हे विशेष.

जिन्याच्या तळाशी

तीन डॉलर ही रक्कम प्रत्येकाला सारखीच हलकी वाटत नाही. म्हणून शहरातील अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांना २०१९ पासून अर्ध्या भाड्याची सवलत मिळू लागली आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना आणि अपंगांनाही अर्धे भाडे पडते.

भाड्याइतकाच अवघड अडसर आहे जिन्याचा. बरीचशी स्थानके बांधली गेली तेव्हा चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशाचा विचार कोणी केला नव्हता. अपंगांना सार्वजनिक जागी समान प्रवेश देणारा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला. तथापि एवढी वर्षे लोटूनही लिफ्ट असलेल्या स्थानकांची संख्या निम्म्याहून बरीच कमी आहे. लंडन वा पॅरिससारख्या जुन्या शहरांपुढेही हीच अडचण आहे हे खरे. पण ज्याला आज रुग्णालयात जायचे आहे त्याला या तुलनेचा उपयोग काय? बाळगाडी घेऊन जिन्याशी थांबलेल्या आईला मदत करण्यासाठी अनोळखी वाटसरू गाडीचे पुढचे चाक उचलून धरतो, हे दृश्य तेथे नित्याचे आहे. चाकांची खुर्ची मात्र अशी उचलता येत नाही.

अपंगांच्या संघटनांनी दावे केले. २०२२ मध्ये रेल्वे प्राधिकरणाने समझोता केला, आणि लिफ्ट वा उतार नसलेल्या स्थानकांपैकी ९५ टक्के स्थानके २०५५ पर्यंत सुगम करण्याचे मान्य केले. तोवर अशा प्रवाशांसाठी बस आहेत. त्या सर्वांना उताराची किंवा उचलफळीची सोय आहे. ज्यांना बसही वापरता येत नाही त्यांच्यासाठी घरापासून नेणारी विशेष गाडी आहे. तिचे भाडे रेल्वेइतकेच, फक्त ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. आणि रेल्वेनेच जायचे असेल तर घराबाहेर पडण्यापूर्वी कोणत्या स्थानकातील लिफ्ट आज चालू आहे हे पाहून मगच मार्ग ठरवावा लागतो.

शब्दार्थ

पथकर – रस्ता किंवा पूल वापरण्यासाठी द्यावा लागणारा कर. अधिभार – मूळ भाड्यावर आकारलेली जादा रक्कम. डबघाईला येणे – आर्थिक स्थिती खालावणे. गळफास – गळ्याभोवती आवळला जाणारा फास. रज्जुमार्ग – जाड दोरावरून डबे नेणारा मार्ग. सुगम – सहज जाता येईल असे. हात राखून खर्च करणे – काटकसरीने खर्च करणे.

स्वाध्याय

१. अंतराप्रमाणे भाडे आणि सर्वांना एकच भाडे या दोन पद्धतींपैकी तुम्हाला कोणती योग्य वाटते? पाठातील आधार देऊन आठ-दहा ओळींत लिहा.
२. 'प्रवाशाच्या दृष्टीने हे वरदान. रेल्वेच्या दृष्टीने तो संथपणे लागलेला गळफास होता' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. न्यूयॉर्कला प्रथमच जाणाऱ्या आपल्या नातेवाइकाला केनेडी विमानतळावरून मॅनहॅटनला कसे जावे हे सांगणारे पत्र लिहा.
४. आपल्या गावातील किंवा शहरातील एखादे बसस्थानक वा रेल्वेस्थानक पाहा. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्ती, म्हातारी माणसे आणि लहान मूल कडेवर असलेली आई यांना तेथे कोणत्या ठिकाणी थांबावे लागते, याची नोंद करा.